आरोग्याच्या बातमीतील 'म्हणून'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्यविषयक बातम्यांत अलीकडे एका धाटणीचा मजकूर वारंवार वाचनात येतो. हजारो रुग्णांच्या नोंदी संगणकाला पुरवल्या, त्याने अमुक आजाराचा धोका मोठ्या अचूकतेने ओळखला, त्या धोक्याशी अमुक सवयीचा संबंध आढळला, म्हणून ती सवय सोडावी, असा त्याचा क्रम असतो. यातल्या 'म्हणून' या एका शब्दाबद्दल हे पत्र आहे. रुग्णांच्या नोंदींचे सांख्यिकी विश्लेषण हेच माझे काम आहे आणि मशीन लर्निंगच्या, म्हणजे संगणकाने नोंदींवरून स्वतः नियम शिकण्याच्या, पद्धती मी स्वतः वापरतो, त्यामुळे त्यांना कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. त्या जेथे खरोखर उपयोगी पडतात ती जागा वाचकांना नेमकी कळावी, अशी माझी तळमळ आहे.

धोका कोणाला आहे हे ओळखणे आणि काय केल्याने तो कमी होईल हे सांगणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर जुन्या नोंदींतल्या साम्यांवरून मिळू शकते. दुसऱ्यासाठी मात्र, ज्या रुग्णाला औषध दिले त्याला ते दिले नसते तर काय झाले असते, हे जाणावे लागते. आणि ही दुसरी शक्यता कोणत्याच नोंदवहीत नसते, कारण ती घडलेलीच नसते. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९२३ साली शेतीच्या प्रयोगांसंदर्भात आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९७४ साली इतर अभ्यासांनाही लागू पडेल अशा रीतीने ही अडचण गणिताच्या भाषेत मांडली. नोंदी दहा हजार असोत की एक कोटी, ही उणीव संख्येने भरून निघत नाही.

न्यूमोनियाचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. कोणत्या रुग्णाला रुग्णालयात ठेवावे आणि कोणाला घरी पाठवता येईल, हे ठरवण्यास मदत व्हावी म्हणून १९९०च्या दशकात अमेरिकेत रुग्णांच्या नोंदींवरून मृत्यूचा धोका वर्तवणारी अनेक प्रारूपे (मॉडेल) तयार करण्यात आली. न्यूरल नेटवर्क हे मशीन लर्निंगचे, आतले नियम माणसाला वाचता न येणारे प्रारूप त्यांत सर्वांत अचूक ठरले. परंतु त्याच नोंदींवरून बनवलेल्या, ज्याचे नियम माणसाला वाचता येतात अशा दुसऱ्या प्रारूपात एक विलक्षण नियम सापडला: न्यूमोनिया झालेल्या रुग्णाला आधीपासून दमा असेल, तर त्याच्या मृत्यूचा धोका कमी. वस्तुस्थिती अशी होती की दमेकरी रुग्ण आला की डॉक्टर त्याला अधिक जोखमीचा समजून बहुधा थेट अतिदक्षता विभागात हलवत, आणि त्या तत्पर उपचारांमुळे असे रुग्ण जास्त संख्येने वाचत. नोंदींपुरते यंत्र चुकले नव्हते, दमेकऱ्यांमध्ये मृत्यू खरोखरच कमी होते. चूक झाली असती ती त्या भाकितावर विसंबून दमेकऱ्यांना घरी पाठवले असते तर, कारण ज्या उपचारांनी ते वाचले होते तेच काढून घेतले गेले असते. ही हकीकत संशोधकांपैकी एक असलेल्या रिच कारुआना यांनी २०१५ च्या शोधनिबंधात पुन्हा सविस्तर मांडली आहे. ते न्यूरल नेटवर्क रुग्णांवर वापरायचे नाही असेच त्या वेळी ठरले, कारण वाचता न येणाऱ्या प्रारूपात असे आणखी काय दडले असेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

मग प्रयोग न करता नोंदींवरून कार्यकारणभाव सांगताच येत नाही का? येतो, पण त्यासाठी प्रश्न नीट बांधावा लागतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके (हार्मोन्स) घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, असे अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीसह अनेक अभ्यासांत दिसले होते. पुढे 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीत १६,६०८ स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी करून एका गटाला इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन आणि दुसऱ्याला औषधविरहित गोळी दिली, तेव्हा संप्रेरकांच्या गटात हृदयविकार सुमारे २९ टक्क्यांनी अधिक आढळला, स्तनांचा कर्करोगही वाढला, आणि २००२ साली चाचणीचा हा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. नुसत्या पाहणीच्या नोंदी विश्वासार्ह नसतात, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. मला तो उतावीळ वाटतो. मिगेल हर्नान, जेम्स रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली परिचारिकांच्या त्याच नोंदी वेगळ्या रीतीने मांडल्या. आधीपासून गोळ्या घेत असलेल्या स्त्रियांची न घेणाऱ्यांशी तुलना करण्याऐवजी, चाचणीत असते तसे, गोळी नव्याने सुरू करणाऱ्यांची त्याच काळात ती सुरू न करणाऱ्यांशी त्यांनी तुलना केली. जुन्या पद्धतीत, गोळी सुरू केल्यानंतर लवकरच ज्यांना हृदयविकार झाला त्या स्त्रिया हिशेबातून निसटून जात आणि ज्यांना ती सोसली त्याच 'घेणाऱ्या' म्हणून उरत. ही चूक सुधारून, रजोनिवृत्तीनंतर किती वर्षांनी गोळी सुरू केली हेही लक्षात घेतल्यावर, पाहणी आणि चाचणी यांतली तफावत बरीचशी मिटली. नोंदी त्याच होत्या, प्रश्न नीट विचारला गेला. ही दुरुस्ती करायला कोणतेही अद्ययावत अल्गोरिदम लागले नाही, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

अल्गोरिदमचे काम त्यानंतर सुरू होते. औषध कोणाला दिले जाते हे वय, इतर आजार, आधीचे उपचार अशा पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असते आणि रुग्णाचे पुढे काय होते हेही बहुधा त्याच गोष्टींवर ठरते. ही गुंतागुंत पूर्वी साध्या समीकरणांत कोंबावी लागत असे. आता ती मशीन लर्निंगने शिकता येते. मार्क व्हान डर लान आणि डॅनियल रुबिन यांनी २००६ साली मांडलेली पद्धत, किंवा व्हिक्टर चेर्नोझुकोव्ह आणि सहकाऱ्यांची २०१८ ची 'डबल मशीन लर्निंग' ही पद्धत, यांत औषध कोणाला दिले जाईल आणि रुग्णाचे पुढे काय होईल, हे यंत्राने शिकलेले दोन्ही अंदाज अशा खुबीने जोडलेले असतात की एकातील लहानसहान चूक अंतिम उत्तराला फारशी बाधत नाही. नोंदींच्या एका भागावर शिकायचे आणि दुसऱ्या भागावर परिणाम मोजायचा, अशी खबरदारीही घेतली जाते. माझ्या मते गेल्या काही दशकांत आमच्या विषयाला मिळालेली ही फार मोलाची साधने आहेत.

पण जे मोजलेच नाही ते यंत्र शिकू शकत नाही. शिवाय, हाताशी असलेली सगळी माहिती यंत्राला दिली की ते आपोआप योग्य निवड करील, ही समजूतही चुकीची आहे. कमी वजनाच्या नवजात बाळांपुरते पाहिले तर धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसते, हे कोडे १९७०च्या दशकापासून चर्चेत आहे. धूम्रपान बाळाला तारते, असा त्याचा अर्थ नाही. धूम्रपान न करणाऱ्या मातेचे बाळ कमी वजनाचे जन्मले, तर त्यामागे जन्मजात व्यंगासारखे अधिक गंभीर कारण असण्याची शक्यता वाढते, आणि तुलना त्या बाळांशी होते. येथे जन्मवजन हिशेबात घेतल्यानेच उत्तर बिघडते. कोणता घटक घ्यायचा आणि कोणता वगळायचा हे त्या आजाराची जाण असलेल्या माणसालाच ठरवावे लागते. त्यासाठी कारणांची बाणांनी जोडलेली आकृती कागदावर काढण्याची जी रीत संगणकशास्त्रज्ञ जुडिया पर्ल यांच्या कामामुळे रूढ झाली, ती संगणक सुरू करण्याआधीची आवश्यक पायरी आहे.

न मोजलेल्या घटकाची शंका उरतेच, परंतु तिचाही हिशेब मांडता येतो. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध एखाद्या छुप्या आनुवंशिक घटकामुळे दिसत असावा, असा आक्षेप घेतला जात असताना जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले की धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊपट असेल आणि तो सर्वस्वी छुप्या घटकामुळे असेल, तर तो घटकही त्यांच्यात इतरांच्या निदान नऊपट आढळायला हवा. असा घटक कोणालाही दाखवता आला नाही.

म्हणून आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की अशा संशोधनाची बातमी देताना त्यांनी संशोधकांना तीन गोष्टी विचाराव्यात आणि मिळालेले उत्तर छापावे. अभ्यास केवळ धोका वर्तवतो की उपायाचा परिणाम मोजतो? परिणाम मोजत असेल तर तुलना कोणाची कोणाशी आणि कोणत्या क्षणापासून केली आहे? आणि निष्कर्ष उलटवण्यासाठी न मोजलेला घटक किती प्रबळ असावा लागेल? या उत्तरांना बातमीत चार ओळी पुरतील. संशोधकाने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, तर तेही छापावे.

आपला विश्वासू,
जैवसांख्यिकीचा एक अभ्यासक