मेसमधल्या पार्टटाइमबद्दल, फॉर्म भरायच्या आधी वाच

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला, कॉलेजच्या मेसमध्ये पोरं घेताहेत पण तुला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, मग फॉर्म भरू का नको. अरे भर की! नवीन पोराला सुरुवातीला शेगडीजवळ कोणी फिरकूही देत नाही. भांडी, टेबलं पुसणं, काउंटरवर वाढणं, ट्रे भरणं, कचरा बाहेर नेणं, जमलं तर कॅश, बस. अनुभव कोणी विचारत नाही, विचारतात ते हे की कुठल्या वेळी मोकळा आहेस आणि येतो म्हटल्यावर खरंच येणार का. आणि मेसला माणसं लागतात कधी, तर सकाळी लवकर, जेवायच्या वेळेला, रात्री आणि शनिवार-रविवार, म्हणजे नेमकं जेव्हा तुला झोपायचं किंवा खायचं असतं तेव्हा. म्हणून आधी तुझं टाइमटेबल काढ, प्रॅक्टिकल, सबमिशन सगळं धरून, आणि जमेल तेवढेच तास लिही. पोरं उत्साहात सगळे दिवस मोकळे लिहितात आणि मग परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मागत फिरतात.

बाकी अटी म्हणशील तर ओळखपत्र, कॉलेजात नाव चालू असल्याचा पुरावा, बँक खातं, काही ठिकाणी अन्न हाताळण्याचं छोटं ट्रेनिंग. तासन् तास उभं राहता यायला हवं, जड क्रेट उचलता यायला हवेत. बूट मात्र चांगले घे, पुढून बंद आणि न घसरणारे, कारण फरशी कायम ओली आणि तेलकट असते. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, केसांना जाळी (त्यात सगळेच वेडे दिसतात, लाजू नकोस).

हात धुण्यावरून खूप बोलतील, साबण लावून निदान २० सेकंद, आणि ग्लोव्ह्ज घातले म्हणून सुटका नाही, त्याच ग्लोव्ह्जने मोबाइल धरून परत ब्रेड उचलणारे महाभाग असतातच. थंड पदार्थ साधारण ५ अंशांच्या खाली, गरम ६० च्या वर, कारण मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, म्हणून ते सारखं थर्मामीटर खुपसून वहीत आकडे लिहिणं. कंटाळवाणं वाटतं पण उद्या कोणाचं पोट बिघडलं तर ती वहीच बघतात. कोणी विचारलं यात शेंगदाणे आहेत का, तर 'नसतील बहुतेक' असं चुकूनही म्हणू नकोस, आत जाऊन विचार, अॅलर्जीने माणूस जाऊ शकतो. आणि तुलाच जुलाब-उलट्या झाल्या तर आधी फोन करून कळव आणि जाऊ नकोस, थांबल्यावरही बऱ्याच ठिकाणी ४८ तास येऊ देत नाहीत.

मला विचारशील तर भांड्यांकडे काम माग. वाफेने घामाघूम होशील, बाह्या भिजतील, पण प्रत्येकाशी हसून बोलायची सक्ती नाही. काउंटरवर लोकांचा वैताग तुझ्यावर निघतो, भाजी संपली ती जणू तूच खाल्लीस. फक्त फेसाळ पाण्यात सुरी टाकून ठेवायची नाही, आणि कोणाच्या पाठीमागून जाताना 'मागे आहे' असं ओरडायचं, पहिले दिवस मूर्खपणा वाटेल, कढत पातेलं घेऊन जाणारा समोर आला की वाटणार नाही.

सही करायच्या आधी एवढं विचारून घे: ट्रेनिंगच्या तासांचे पैसे मिळतात का, युनिफॉर्म कोणाच्या पैशातून, ब्रेक किती आणि तो पगारातून कापतात का, ड्युटीवर जेवण मिळतं का. आणि मेस बंद झाल्यावरची आवराआवर तासांत धरतात का, हे तर नक्कीच, कारण फरशी धुण्यात आणि मशीन साफ करण्यातच बराच वेळ जातो आणि तिथेच पोरांचे पैसे बुडतात. तू स्वतः आलेली-गेलेली वेळ मोबाइलमध्ये लिहीत जा.

टाइमटेबल झालं की मला पाठव, कुठली शिफ्ट मागायची ते बघू. शुक्रवारी रात्रीची मात्र घेऊ नकोस, ती नवीन पोरांच्याच गळ्यात मारतात.

तुझाच,
बंड्या