शोरूममधला शब्द करारात उतरला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला की आपल्या दैनिकाच्या पुरवण्या गाड्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. गेल्या काही वर्षांत त्यात ‘डाउन पेमेंट नको, विम्याची कटकट नको, फक्त महिन्याचे भाडे भरा’ अशा लीजच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. गाडी विकत न घेता ठरलेल्या मुदतीसाठी भाड्याने घ्यायची, अशी ही पद्धत. पगारदार माणसाला ती सोयीची वाटते आणि काहींना ती सोयीची असेलही. माझी तक्रार आहे ती शोरूमच्या टेबलावर तोंडभरून दिल्या जाणाऱ्या आणि करारात कुठेच न सापडणाऱ्या शब्दाबद्दल. यंदाचा मुहूर्त गाठू पाहणाऱ्यांनी हे आधी वाचावे, म्हणून घाईने लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ परभणीत राहतो. दवाखान्यांतली आणि लॅबमधली रक्ततपासणीची यंत्रे दुरुस्त करणे हे त्याचे काम. आज नांदेड, उद्या हिंगोली, परवा अंबाजोगाई, अशी त्याची रोजची फिरती असते. परभणी-नांदेड एका बाजूने पाऊणशे किलोमीटर पडते. यंत्र बंद पडले की दवाखाना थांबत नाही, एसटीची वाट बघत बसता येत नाही. म्हणून गेल्या दसऱ्याला त्याने संभाजीनगरच्या एका शोरूममधून लीजवर गाडी घेतली. तिथल्या सेल्समनला त्याने पहिल्याच भेटीत आपले काम, फिरती, महिन्याला होणारे दोनेक हजार किलोमीटर, सगळे सांगितले होते. त्यावर उत्तर मिळाले, “दादा, तुम्ही फक्त गाडी फिरवा, किलोमीटरचं टेन्शन आमच्यावर सोडा.” शिवाय सर्व्हिसिंगला गाडी परभणीहून नेऊन परभणीत आणून देऊ, आणि वर्षभराने नको वाटली तर परत घेऊ, एक रुपया लागणार नाही, असेही सांगितले. यातली सर्व्हिसिंगची गोष्ट शोरूमच्या छापील कोटेशनवर पेनाने लिहूनही दिली होती.

करारावर सही कशी झाली ते मुद्दाम सांगते. कागद पुढे आलाच नाही. डिलिव्हरीच्या गडबडीत, गाडीला हार घालणे चालू असताना, “दादा, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा” असे म्हणून नंबर विचारून घेतला आणि करार झाला. इंग्रजीतली चाळीसेक पानांची फाईल ईमेलवर आली ती संध्याकाळी, गाडी जिंतूर ओलांडून गेल्यावर. आमच्या आजोबांच्या पिढीत सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा; ओटीपीची ही सही मला त्याच जातीची वाटते.

पहिल्या सर्व्हिसिंगला शोरूमने गाडी न्यायला येण्यास नकार दिला. कोटेशनवरचे अक्षर दाखवले तर म्हणाले, “तो मुलगा आता आमच्याकडे नाही.” तेव्हा ती चाळीस पाने नीट वाचली गेली. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरची मर्यादा, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला आठ रुपये. महिन्याला दोन हजार धरले तर वर्षाचे नऊ हजार जास्तीचे, म्हणजे ७२,००० रुपयांचा भुर्दंड. सर्व्हिसिंगसाठी जिंतूर-मंठा-जालना मार्गे संभाजीनगरला जाऊन येण्याचे चारशेच्या आसपास किलोमीटरही याच मर्यादेतून जाणार. सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलेला नव्हता, तो दर महिन्याला वेगळा. आणि गाडी मधेच परत केली तर लॉक-इन काळातली, म्हणजे गाडी सोडता येत नाही अशा ठरलेल्या मुदतीतली, उरलेली सगळी भाडी एकरकमी भरायची. वाद झालाच तर दूरच्या महानगरात लवादापुढे, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचापुढे, जायचे.

“वाचून सही करायची होती,” असे यावर हमखास ऐकवले जाते. गाडी देणाऱ्या कंपनीचे पहिले उत्तरही तेच होते, आणि शोरूम म्हणत होते की आमचे काम फक्त गाडी दाखवण्याचे. दोघेही हात झटकून मोकळे! पण कायदा त्यांना इतक्या सहज मोकळे करत नाही, हे आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी समजावून दिले. भारतीय करार अधिनियम १८७२चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे खोटी माहिती देऊन मिळवलेली संमती फसलेल्या माणसाला मोडता येते. साध्या दक्षतेने खरे कळले असते तर ही सवलत मिळत नाही, हे खरे. मात्र जो करार सहीनंतर हाती पडला, तो सहीआधी वाचण्याची दक्षता कोण कशी घेणार? आणि कलम २३८ सांगते की दलालाने धंद्याच्या ओघात दिलेली खोटी माहिती ही मालकानेच दिल्यासारखी धरायची. शोरूममधला मुलगा कंपनीची लीज विकत होता. तो नोकरी सोडून गेला म्हणून त्याचा शब्द त्याच्याबरोबर जात नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ने आपल्यासारख्या लांबच्या जिल्ह्यांतल्या लोकांना एक मोठा आधार दिला आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. करारात कोणत्याही महानगराचे नाव असो, परभणीच्या माणसाने परभणीतच दाद मागावी. लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. केवळ ‘अनुचित करार’ या मुद्द्यावर जायचे तर तो विषय राज्य आयोगाचा आहे. खोटे आश्वासन ही अनुचित व्यापारी प्रथा आणि न दिलेली सेवा ही त्रुटी, असे मांडले की जिल्हा आयोग पुरतो.

भावाने तेच केले. सेल्समनचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, ते पेनाने लिहिलेले कोटेशन, आपल्या फिरतीचा महिन्यांचा हिशेब असे सगळे जोडून शोरूम आणि कंपनी या दोघांनाही पोचपावतीसह टपालाने नोटीस पाठवली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. रागाच्या भरात भाडे थांबवावे असे त्याला फार वाटत होते; वकीलबाईंनी ते करू दिले नाही, आणि हे मी ठळकपणे सांगू इच्छिते. बँकेतून आपोआप जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तर २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली तो चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरतो. तेव्हा भाडे भरत राहायचे, आणि दर वेळी ‘हरकत राखून भरत आहे’ असा ईमेल करायचा. जिल्हा आयोगात दाखल करायच्या तक्रारीचा मसुदा कंपनीकडे गेला, तेव्हा कुठे भाषा बदलली. लॉक-इनची सगळी रक्कम मागणारी कंपनी एका महिन्याच्या भाड्यावर गाडी परत घ्यायला तयार झाली.

पण गाडी परत दिली म्हणजे सुटलो असे समजू नये. भावाच्या आरसी बुकवर नाव त्याचे आणि खाली कंपनीच्या लीजची नोंद होती. आरसीवरचे नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्याच गळ्यात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितले आहे. म्हणून गाडी यार्डात उभी करताना चारही बाजूंचे फोटो काढले, टायरपासून काचेपर्यंतचा तपासणी अहवाल तिथेच सही करून घेतला, किलोमीटरचा आकडा त्यात लिहून घेतला. ना-देय पत्र, म्हणजे काही देणे उरले नाही असा कंपनीचा दाखला, हाती आल्यावर बँकेतला हप्त्याचा आदेश रद्द केला, आणि आरटीओत नाव उतरेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. अनामत रक्कम अजून यायची आहे.

हे सगळे भावाला जमले, कारण त्याला इंग्रजी वाचता येत होते आणि वकीलबाई घरच्यासारख्या होत्या. जिंतूरच्या किंवा कळमनुरीच्या ज्या माणसाला यातले काहीच नाही, तो निमूट पैसे भरतो. त्यासाठी माझी मागणी साधी आहे. ओटीपी घेण्याआधी ग्राहकाच्या हातात एक पानाचा मराठी कागद द्यावा. जीएसटीसह भाडे, किलोमीटरची मर्यादा आणि पुढचा दर, मधेच सोडल्यास भरायची रक्कम, सर्व्हिसिंग कुठे होणार, मुदत संपल्यावर गाडी कोणाची, एवढे त्यावर असावे. आणि तोंडी दिलेली आश्वासने लिहायला खाली मोकळी जागा ठेवून तिथे शोरूमचा शिक्का व सही असावी. जो शब्द लिहून देता येत नाही तो देऊ नये.

यासाठी दाद मागायची जागा जिल्ह्यातच आहे. २०१९च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष केले आहे. कलम १६ व १७ प्रमाणे ग्राहक हक्कांचा भंग, अनुचित व्यापारी प्रथा किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिराती यांची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते आणि ते चौकशी करू शकतात. मराठवाड्याच्या आठही जिल्हाधिकाऱ्यांनी दसऱ्याआधी आपापल्या जिल्ह्यातल्या शोरूमना बोलावून हा कागद सुरू करायला सांगावे. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे: लीजच्या जाहिरातीत किलोमीटरची मर्यादा आणि सोडण्याची अट भाड्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या टायपात असल्याशिवाय ती छापू नये.

२०१० साली संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादमधल्या, उद्योजकांनी गट करून एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि कर्जाचा व्याजदरही कमी करून घेतला. गटाने गेले की समोरचा ऐकतो. तक्रारीलाही हे लागू आहे: समान तक्रार असलेल्या ग्राहकांना कलम ३५ प्रमाणे आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार दाखल करता येते. लीजच्या गाडीबाबत असा अनुभव आलेल्या परभणी, हिंगोली, नांदेड, जालन्याच्या वाचकांनी आपले नाव, गाव आणि कराराची प्रत या दैनिकाच्या कार्यालयाकडे पाठवावी. आपण ती माझ्या पत्त्यावर दिलीत तर भाऊ प्रत्येकाला स्वतः फोन करील.

आपली,
एक शिक्षिका, परभणी
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे)