चित्राखालची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्रोटॉनांच्या टकरींवरचा लेख आवडला. सोबतच्या रंगीत चित्राखालची ओळ मात्र खटकली : ‘एआयने ओळखलेला हिग्ज बोसॉन’. (हिग्ज हा प्रोटॉनांच्या टकरीत क्वचित निर्माण होणारा, लगेच दुसऱ्या कणांत फुटणारा कण.) अकरावी-बारावीला ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. लाल पेन हातातून सुटत नाही.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने तिथल्या सीएमएस प्रयोगातल्या खऱ्या टकरींची चित्रं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. निवृत्तीआधी मी ती मुलांपुढे ठेवायचे. चित्रातली रेघ म्हणजे कणाचा माग. रेघ वाकून आतल्या कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या थरात, थांबली तर इलेक्ट्रॉन. रेघच नाही, नुसती ऊर्जा साठलेली दिसली तर फोटॉन, म्हणजे प्रकाशकण. सगळं भेदून बाहेर गेली तर म्युऑन, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. विरुद्ध विद्युतभाराचे दोन म्युऑन दिसले की ते झेड बोसॉन नावाचा कण फुटून निघाले, असं म्हणून मुलं मोकळी व्हायची. एकदा एका चित्रावरून दोघी हमरीतुमरीवर आल्या. “बाई, हा झेडच ना?” म्हटलं, एका चित्रावरून नाही सांगता येणार. बाईंनाच येत नाही, असं त्यांनी मनात धरलं असणार! मग वर्गाने पाहिलेल्या सगळ्या म्युऑन-जोड्यांवरून मूळ कणाचं वस्तुमान काढून ते आकडे आलेखावर मांडले. ९१ जीईव्हीपाशी (जीईव्ही हे इथे वस्तुमानाचं एकक), म्हणजे झेडच्या वस्तुमानापाशी, उंचवटा दिसला आणि भांडण मिटलं. ते चित्र झेडचं की नाही, हे तरीही ठरलं नाहीच.

हिग्जचंही तसंच. ४ जुलै २०१२ला तो सापडल्याची घोषणा झाली ती कुठल्या एका टकरीच्या जोरावर नव्हे. हिग्जपासून दोन फोटॉन मिळतात ते हजारात जेमतेम दोनदा, आणि १२५ जीईव्हीच्या, म्हणजे हिग्जच्या वस्तुमानाच्या, आसपासच्या फोटॉनजोड्या इतर प्रक्रियांतूनही ढिगानं निघतात. संगणक टकरीला गुण देतो : ही हिग्जसारखी किती? बस. तेही नवं नाही; सीएमएसने २०१२च्या फोटॉन-विश्लेषणातच निर्णयवृक्षांची, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्यांतून संगणकाने शिकण्याची, पद्धत वापरली होती.

लेखात ट्रिगरचं, म्हणजे कुठल्या टकरी नोंदवायच्या हे ठरवणाऱ्या चाळणीचं, नावही नाही, याचं नवल वाटलं. प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांना भिडतात. पहिली इलेक्ट्रॉनिक चाळण काही मायक्रोसेकंदांत निवाडा करून त्यातले सेकंदाला लाखभर प्रसंग पुढे सोडते. गाळलेलं कायमचं गेलं. शिवाय चुंबकाबाहेर निसटणारी ऊर्जा टिपणाऱ्या सीएमएसच्या बाह्य कॅलरीमीटरच्या घडणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) मोठा वाटा आहे. ती ऊर्जा टिपली नाही तर हिशेबात तूट येते आणि एखादा अदृश्य कण निघून गेल्याचा भास होतो. यावर एक स्वतंत्र लेख जरूर छापा.

तोवर त्या ओळीची दुरुस्ती : ‘हिग्जची असू शकेल अशी एक टकर’.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा