पेपर तपासला कोणी, ते दिसू तरी द्या

मा. संपादक, स. न.

मी तालुक्याच्या कॉलेजात २६ वर्षं बॉटनी शिकवली. पोरांना एखादा संशोधनाचा पेपर (शोधनिबंध) हवा असला की पुण्यात ओळखीच्यांना फोन करून पीडीएफ मागवायची, त्यामुळे २०२५ पासून केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं तेव्हा मनापासून बरं वाटलं. ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स (असे पेपर छापणारी नियतकालिकं) सरकारी संस्थांमधल्या मुलांना वाचायला मिळतायत. पण त्यासाठी ३ वर्षांचे ६,००० कोटी लागणारेत, आणि पेपर लिहिणारे आम्ही, तपासणारेही आम्हीच, तेही फुकट, हे कुणी बोलतच नाही.

माझं खरं दुखणं पेपर छापण्याआधीच्या तपासणीचं आहे. माझा एक पेपर ११ महिने एका जर्नलकडे पडून होता, मग दोन ओळींचा नकार आला, दुसरीकडे पाठवला तर नवे रिव्ह्यूअर (पेपर तपासणारे त्याच विषयातले जाणकार), परत पहिल्यापासून सगळं. आधीच्याने काय वाचलं, काय चूक काढली ते कायमचं गडप. मी स्वतः रात्री जागून दुसऱ्यांच्या पेपरवर चार-चार पानं लिहिलीत, ती एडिटर सोडून कुणी पाहिली नसतील. आणि हे सगळं बंद दाराआड चालतं म्हणूनच पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्यांचं फावतं, कारण तपासलाय की नाही हे वाचणाऱ्याला कळणार कसं? यूजीसीने चांगल्या जर्नल्सची यादी, म्हणजे केअर लिस्टसुद्धा २०२५ मध्ये बंद केली, आता कुठलं जर्नल चांगलं ते कॉलेजांनीच ठरवायचं.

फिजिक्सवाले १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या इंटरनेटवरच्या फुकट संग्रहात पेपर छापण्याआधीच सगळ्यांसमोर ठेवतात. ‘ईलाइफ’ हे जीवशास्त्राचं जर्नल तर २०२३ पासून तपासणीला घेतलेला पेपर रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट छापतं, स्वीकार-नकार भानगडच नाही, वाचणाऱ्याने स्वतः ठरवावं. त्यापायी त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलचं वजन दाखवणारा आकडा) गेला तरी ते मागे हटले नाहीत, मला याचं फार कौतुक वाटतं.

आपल्याकडे गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे यूजीसीचं केंद्र ‘शोधगंगा’ या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध सगळ्यांना फुकट देतंच की. तिथेच पेपर आणि त्यावरचे शेरे एकत्र ठेवा, नाव द्यायचं की नाही ते रिव्ह्यूअरला ठरवू द्या (तरुण प्राध्यापकाला सिनियरची भीती असते, ती खोटी नाही), आणि प्रमोशनच्या वेळी पेपर मोजता तसं हे तपासणीचं कामही मोजा. सबस्क्रिप्शनचा करार २०२७ ला संपतोय, पुढच्या करारातले थोडे पैसे याच्यासाठी आत्ताच बाजूला काढून ठेवा एवढीच विनंती आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा जिल्हा