पाताळेश्वर ते सारसबाग ही वाट चालती करा : पुणे महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका यांस,
स. न. वि. वि.

पुण्यात चालायला जागा नाही ही तक्रार आपल्या कार्यालयात रोज येत असेल. हे पत्र त्याहून थोडं वेगळं आहे. जुन्या पुण्यात सपाट रस्त्याची, कुठेही चढ नसलेली, जेमतेम चार किलोमीटरची एक वाट आधीपासूनच आहे. तिच्या एका टोकाला आठव्या शतकातली लेणी आहेत आणि दुसऱ्या टोकाला सारसबाग. मधे पेशवाई आहे, सत्यशोधक चळवळीचा इतिहास आहे, बाजारपेठ आहे, नदी आहे. अडचण एवढीच की ही वाट सलग नाही. ती सलग करावी, एवढ्याच मागणीसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरापासून करू. रस्त्याच्या पातळीच्या खाली, एकाच खडकात कोरलेलं हे मंदिर. पुढ्यातला गोल नंदीमंडप पाहिल्यावर बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, हे शहराच्या मधोमध कसं? शेजारी जंगली महाराजांचं समाधिमंदिर, पुढे बालगंधर्व रंगमंदिर, त्याला लागून संभाजी उद्यान. या रस्त्यावर पालिकेने काही वर्षांपूर्वी जे काम केलं त्याबद्दल मनापासून आभार मानायला हवेत. पदपथ रुंद झाले, झाडं न तोडता त्यांच्याभोवती बसायला बाक आले, मुलांना थांबून खेळता येईल अशी जागा झाली. संध्याकाळी तिथे काठी टेकत चालणारे आजोबा दिसतात, बाबागाडी घेऊन निघालेले आईबाप दिसतात. म्हणजे पालिकेला हे काम जमतं. म्हणूनच नदीपलीकडे जे दिसतं ते जास्त सलतं.

बालगंधर्वपासून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल ओलांडला की ओंकारेश्वर. मुठेकाठचं हे पेशवेकालीन मंदिर. वसईची मोहीम जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांची समाधी इथेच आहे, हे पुण्यातल्या शाळकरी मुलांना विचारून पाहा, फार थोड्यांना ठाऊक असतं. कारण इथे कुणी पायी येतच नाही. इथून शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर, पण तिथे पोचेपर्यंत पदपथ कुठे निम्मा होतो, कुठे दुचाक्यांचा वाहनतळ होतो, कुठे विजेच्या पेटीपाशी संपतो. माणूस रस्त्यावर उतरतो, पुन्हा वर चढतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) या संस्थेनुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पेठांमध्ये काही ठिकाणी पदपथ इतका उंच आहे की गुडघेदुखीच्या माणसाला तो चढण्यापेक्षा वाहनांमधून चालणं सोपं वाटतं. पालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे. त्यात लिहिलेलं या चार किलोमीटरमध्ये उतरवा, इतकंच म्हणणं आहे.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांच्या हस्ते झाली. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा उरला. वाड्यासमोरच्या पटांगणात आजही संध्याकाळी लोक बसतात, मुलं पळतात. जुन्या पुण्याच्या गर्दीत मोकळा श्वास घ्यायची ती जवळपास एकच जागा आहे. पण वाड्याकडून लाल महाल आणि कसबा गणपतीकडे जायचं तर शिवाजी रस्ता ओलांडावा लागतो. एकेरी वाहतुकीचा हा रस्ता. गाड्या वेगात येतात आणि झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे कुणी जुमानत नाही. शाळेची सहल घेऊन आलेल्या शिक्षिका दोन्ही हात पसरून वाहनांसमोर उभ्या राहतात आणि मुलांना पलीकडे काढतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. शिवरायांचं बालपण जिथे गेलं, जिथे १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा पडला, ती जागा पाहायला निघालेल्या मुलांना जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायला लागू नये. इथे रस्ताच पदपथाच्या पातळीला उचलून घेता येईल आणि पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र सिग्नल देता येईल.

कसब्यात शिरलात तर तांबट आळीही या वाटेवर घ्या. तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने मठारकाम करणारे कारागीर तिथे अजून काम करतात. आवाज आधी ऐकू येतो, दुकान नंतर दिसतं. आळीच्या तोंडाशी एक साधी पाटी लावली तरी माणसं आत वळतील, त्यांना ग्राहक मिळेल.

तिथून दक्षिणेला बाजीराव रस्ता. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, मग दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा. त्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या घडणीचे लाकडी खांब आणि वरची गॅलरी मान वर करून, दोन पावलं मागे सरकून पाहायला हवी. आज दोन पावलं मागे सरकलं की पाठीला दुचाकीचा आरसा लागतो. जवळच दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला आणि स्मारकाचं काम ठरलं. स्मारक होईल तेव्हा लोक येतील. ते कुठून चालत येतील, कुठे थांबतील, कुठे बसतील, हे आराखड्यातच ठरायला हवं. स्मारकाच्या दारात रिक्षा आणि दुचाक्यांची रांग लागली तर त्या जागेपुढे क्षणभर उभं राहणंही कठीण होईल.

पुढे मंडई. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. आज तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन शहरात येणार म्हणून सजावटीवर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं सांगत त्यांनी विरोधात मत दिलं. ही आठवण काढायचं कारण आहे. ‘हेरिटेज वॉक’ म्हटलं की कमानी, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि ग्रॅनाइट असा खर्च सुचवणारे खूप भेटतील. त्यांना नाही म्हणा. या वाटेला सावली हवी, बसायला बाक हवेत, पिण्याचं पाणी हवं आणि स्वच्छतागृह हवं. तेही रोज धुतलं जाणारं, आतून कडी लागणारं. तुळशीबागेत आणि मंडईत दिवसभर हजारो बायका येतात. त्यातल्या कितीतरी जणी घरून निघताना पाणी पीत नाहीत, कारण पुढचा प्रश्न त्यांना माहीत असतो.

पाण्यावरून आणखी एक. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी शहरात आणलं आणि ते जागोजागी हौदांत सोडलं. काळा हौद, साततोटी हौद ही नावं अजून पुणेकरांच्या तोंडी आहेत. वाटसरूला चौकात पाणी मिळायला हवं, हा विचार अठराव्या शतकात या शहराने केला होता. आज त्याच पेठांतून चालणाऱ्याला बाटली विकत घ्यावी लागते. दर पाचशे मीटरवर चालू नळ असलेली पाणपोई एवढ्या मोठ्या पालिकेला जड नाही.

पथारीवाल्यांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण पदपथ मोकळे करा म्हटलं की पहिली गाडी त्यांच्यावर जाते. त्यांना हटवण्यासाठी हे पत्र वापरू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्क दिला आहे आणि तुळशीबाग त्यांच्याशिवाय तुळशीबाग राहणार नाही. जागा आखून दिली तर माणूस आणि पथारी शेजारी नांदतात. पदपथ खाल्ला आहे तो मुख्यतः उभ्या केलेल्या वाहनांनी. कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही भुयारी मेट्रो स्थानकं २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू आहेत, संभाजी उद्यानापाशीही स्थानक आहे. मध्य पुण्यात गाडीशिवाय येणं इतकं सोपं आजवर कधीच नव्हतं.

आता बागांविषयी. मला सर्वांत जास्त कळकळीने म्हणायचं आहे ते हेच. पालिकेच्या बऱ्याच उद्यानांना सकाळी उशिरा कुलूप लागतं आणि ते दुपारी चारच्या सुमारास निघतं. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात सावलीची गरज असते नेमक्या त्या वेळी मोठाल्या झाडांखालचे बाक रिकामे आणि बाहेर पदपथावर माणसं उन्हात. स्वारगेटला बस उशिरा असलेला प्रवासी, क्लासच्या दोन तासांमधला विद्यार्थी, घरोघरची कामं उरकून मधल्या वेळेत टेकायला जागा शोधणारी बाई, दवाखान्यातून परतणारी म्हातारी जोडपी, यांनी कुठे बसावं? देखभाल दुपारी करावी लागते, हे कारण दिलं जातं. अर्धी बाग एका दिवशी, अर्धी दुसऱ्या दिवशी असं करता येईल. बंगळुरूने २०२४ मध्ये महापालिकेच्या बागा पहाटे ५ ते रात्री १० पर्यंत खुल्या ठेवायचं ठरवलं. पुण्याचं ऊन काही बंगळुरूपेक्षा सौम्य नाही. आणि बागेला दोन फाटकं असतील तर दोन्ही उघडी ठेवा, म्हणजे बाग ओलांडून पुढे जाता येईल.

वाटेचा शेवट सारसबागेत. पूर्वी इथे तळं होतं, म्हणून तळ्यातला गणपती. शेजारच्या पेशवे उद्यानात मुलांची छोटी आगगाडी, फुलराणी. ज्यांच्या पायात बळ आहे त्यांना समोर पर्वती आहे, बाकीच्यांनी हिरवळीवर बसावं.

अडचण कुठे येते हे आपल्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, पदपथ पथ विभागाकडे, बागा उद्यान विभागाकडे, चौक वाहतूक पोलिसांकडे, स्थानकांबाहेरचा भाग मेट्रोकडे. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता बरोबर असतो आणि चालणारा मधे अडकतो. म्हणून या पूर्ण वाटेसाठी एक अधिकारी नेमा. त्यांचं नाव आणि क्रमांक वाटेवर लावा.

दर वर्षी ११ डिसेंबरला पालिका पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद होतो आणि लोक मोकळेपणाने रस्त्याच्या मधून चालतात. येत्या पादचारी दिनापर्यंत ओंकारेश्वर ते मंडई हा टप्पा कायमचा चालता करण्याचं वेळापत्रक जाहीर करावं. बागांची दुपारची कुलपं काढायला तेवढंही थांबायची गरज नाही. त्यासाठी निविदा लागत नाही, आपल्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.

आपली,
सदाशिव पेठेतली एक रहिवासी