चि. मंगेश यास

अनेक आशीर्वाद.

रविवारी "आई, तू रिटायर झालीस, आता सिस्टरपणा सोड" म्हणून तू फोन ठेवलास. ठेवलास ते ठेवलास. मेसेज टाकला तर सुजाता वाचणार आणि तुम्हा दोघांचं वाजणार, म्हणून कागदावर लिहितेय. बाळू परवा तिकडे येतोय, त्याच्याकडे देते.

तुझ्या फुप्फुसाच्या ऑपरेशनबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. काकांचं मोतीबिंदूचं नीट झालं. वरच्या खोलीची गळती काढून घेतली, पैसे भिंग्यानं जास्तच लावले.

ती धडधड डॉक्टरांना सांगितलीस का?

दिवाळीत माळ्यावरचे डबे काढताना तू मधेच शिडीवर बसलास, गळ्याशी हात नेलास. विचारलं तर म्हणे ॲसिडिटी. अरे, नाड्या मोजण्यात जन्म गेला माझा. ईसीजी चांगला आला म्हणतोस, पण तो दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत हृदय शहाण्यासारखं वागलं तर कागदावर काय दिसणार? सांगितलंस तर ते चोवीस तासांचं यंत्र लावतील, फार तर तारीख आठ दिवस पुढे जाईल. रजा मंजूर झालीय म्हणून गप्प बसायचं का?

फुप्फुसाचं ऑपरेशन म्हणजे फक्त फुप्फुसाचं नसतं. त्याच्या शिरा थेट हृदयात उघडतात. तुझ्या फुप्फुसाचा वरचा कप्पा काढायचा तर त्यांतली एक बांधावीच लागणार. दहांतल्या एकदोघांचे ठोके नंतर बिघडतात, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं घरचे "आता सुटलो" म्हणतात तेव्हा. वॉर्डात असा पेशंट असला की आम्ही दोघी उभ्या राहायचो. एकीचा स्टेथो छातीवर, दुसरीची बोटं मनगटावर, घड्याळ एकच. छातीत एकशे चाळीस आणि मनगटावर शंभर, म्हणजे बाकीचे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. कवलापूरचा एक शेतकरी होता, म्हणायचा, "सिस्टर, आत कोंबडी फडफडतीया." गोळ्या-सलाईननं ताळ्यावर आला. बहुतेकांचं येतं, काही आठवड्यांत गोळ्याही सुटतात. पण वेळेवर कळायला हवं. ठोके तसेच भरकटत राहिले तर हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. आधीपासून माहीत असलं की डॉक्टर मॉनिटर लवकर काढत नाहीत, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघत राहतात, सलाईन हात राखून देतात.

झालं बघ, लेक्चर सुरू. राग मानू नकोस.

सुजाता सांगत होती, ऑपरेशनआधीच्या तपासणीत तुला जिने चढायला लावले आणि तू एकदाही थांबला नाहीस. ऐकून बरं वाटलं, शेजारच्या वहिनींनाही सांगून आले. दहावीच्या वर्षी टीबी झाला तेव्हाही असाच होतास. इंजेक्शनला सायकलवर एकटा जायचास. उठता-बसता दुखायचं, तरी वर्गात कुणाला कळू दिलं नाहीस. निकाल लागल्यावर आप्पा पेढे घेऊन थेट दवाखान्यात गेले होते, तिथल्या शिपायालाही दोन दिले. तेव्हा तुझ्या त्या गप्प राहण्याचं मला फार कौतुक होतं. आता त्याचीच भीती वाटते. जिने चढून दाखवलेस, पण अधूनमधून येणारी धडधड जिन्यावर भेटेलच असं नाही, ती तूच सांगायला हवी.

आणि ती बीपीची गोळी. मेटोप्रोलॉल आहे ना? "उपाशी राहायचंय" म्हणून आपल्या मनानं बंद करू नकोस. ती एकदम तोडली की ठोके आणखी उसळतात. त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचार. सर्जनला नव्हे, त्यांना. ते आदल्या दिवशी येतील, तेव्हा सुजाताला बाहेर पाठवलंस तरी चालेल, तिच्यासमोर बोलायचं नसेल तर. पण बोल.

मी सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतेय. येऊ नकोस म्हणू नकोस, तिकीट काढलंय. वॉर्डात तोंड उघडणार नाही. नाडी मात्र बघणार.

तुझी,
आई

ता.क. गोळीचं पाकीट बरोबर ने, रिकामं असलं तरी. तुला नावं लक्षात राहत नाहीत, "पांढरी छोटी" असं सांगशील.