स्पीड कॅमेऱ्याला ऐकू येत नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

कोस्टल रोडवरच्या गाड्यांच्या आवाजाबद्दल तुमच्याकडे जी पत्रं येतायत ती मी सगळी वाचतो आणि बऱ्याचशा पत्रांशी सहमत पण आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून लोक म्हणणार की हा बघा आला त्यांची वकिली करायला. माझ्याकडे फेरारी आहे. सेकंड हँड, एफ 430, राखाडी रंगाची, 2008 ची. एका वाचकाने लिहिलंय की या इटालियन गाड्यांना मुंबईत बंदीच घाला म्हणजे प्रश्न मिटला, आणि दुसऱ्याने लिहिलंय की ठिकठिकाणी स्पीड कॅमेरे वाढवा. बंदीचं सोडा, ती काही येत नाही, पण कॅमेऱ्याने आवाज कमी होईल असं ज्यांना वाटतं त्यांना आतली गोष्ट सांगायला हवी म्हणून हे पत्र.

माझ्या गाडीचं इंजिन साडेआठ हजार आरपीएमपर्यंत (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं आणि पहिल्या गियरमध्ये तिथपर्यंत पोचेस्तोवर स्पीड होतो ताशी साधारण 75 किलोमीटर. कोस्टल रोडच्या बोगद्यातली लिमिट 60. म्हणजे एखादा दीडशहाणा प्रियदर्शिनी पार्कच्या तोंडाने आत शिरला आणि पहिला गियर सोडलाच नाही तर तो 58 ने जाताना इंजिन सहा-साडेसहा हजारावर बोंबलत असतं, कॅमेऱ्याच्या हिशोबाने मात्र तो एकदम सभ्य नागरिक. आतून ती आरोळी भिंतींवर आपटत बाहेर येते आणि ब्रीच कँडी, नेपियन सी रोडच्या लोकांची झोप मोडते, चलान शून्य. हे करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की चलान येणार नाही.

दुसरी गोष्ट सायलेन्सरची. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये झडपा असतात. सावकाश चालवताना त्या बंद असतात, धूर लांबच्या वाटेने जातो आणि आवाज बऱ्यापैकी दबतो, जोर लावला की उघडतात. कंपनीनेच तसं केलेलं असतं कारण आवाजाची टेस्ट पास व्हायला लागते. आता काही मंडळी काय करतात, झडपेची व्हॅक्यूमची नळी काढून टोक बंद करतात म्हणजे ती कायम उघडीच, किंवा रिमोट बसवतात, पोलीस दिसला की बंद, पुढे गेलं की चालू. त्याहून वरचे महाभाग सायलेन्सरच काढून सरळ पाईप टाकतात. तेव्हा साहेब, तुम्हाला रात्री जो आवाज येतो तो गाडीसोबत इटलीहून आलेला नसतो, तो इथे गॅरेजमध्ये पैसे मोजून काढून घेतलेला असतो.

आता लोकांना वाटतं फेरारीवाला म्हणजे बापाच्या पैशावर उडणारा. असे आहेत, नाही म्हणत नाही. पण जुन्या गाड्यांचा बाजार वेगळा आहे. नव्या गाडीवर कस्टम ड्युटी अशी लागते की किंमत दुप्पट होते, आणि ही ड्युटी काय चीज आहे ते मराठी माणसाला सचिनच्या वेळी कळलं. ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये त्याला फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरच्या हस्ते फेरारीची 360 मोडेना गाडी मिळाली, सरकारने ड्युटी माफ केली, त्यावरून केवढा गदारोळ झाला आणि शेवटी ती ड्युटी कंपनीला भरावी लागली. (माझी गाडी बघून अजूनही पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस विचारतो, सचिनवालीच का रे ही? नाही, ती हिच्या आधीची.) तर ड्युटी भरून आलेली गाडी पंधरा-सोळा वर्षांनी चौथ्या-पाचव्या मालकाकडे येते तेव्हा तिची किंमत नव्या मोठ्या जर्मन एसयूव्हीएवढी झालेली असते. बिल्डिंगमध्ये तशी एसयूव्ही घेतली तर कोणी काही बोलत नाही, तेवढ्याच पैशात ही घेतली की इन्कम टॅक्सवाल्यांचा विषय निघतो.

आणि हीच किंमत बघून हल्ली तिशीतली पोरं पाघळतात, रील बघून फोन करतात की दादा घेऊ का. त्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितो, कारण या गाड्या कशा ठेवायला लागतात ते कळलं की निम्म्या लोकांची मस्ती आपोआप उतरेल. पहिलं म्हणजे आत बसा आणि एसीची बटणं दाबून बघा. त्या काळातल्या फेरारीत बटणांवर रबरासारखा मऊ मुलामा असायचा, तो काही वर्षांनी विरघळायला लागतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तर बोट लावलं की चिक्कीच्या पाकात घातल्यासारखं काळं होऊन बाहेर येतं. ती बटणं काढून, घासून, परत अक्षरं छापून घ्यावी लागतात, असं काम करणारा माणूस शोधण्यात महिने जातात. मग टायर. नक्षी नवीकोरी दिसेल कारण गाडी चाललेलीच नसते, पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा, 2316 लिहिलं असेल तर तो टायर 2016 च्या तेविसाव्या आठवड्यातला, आणि एवढ्या जुन्या कडक रबरावर 490 हॉर्सपॉवर सोडायची म्हणजे ओल्या रस्त्यावर यमाला मिस कॉल.

सगळ्यात मोठं प्रकरण क्लच. या गाडीला क्लचचं पेडल नाही, स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या आहेत, उजवी ओढली की गियर वर, डावी ओढली की खाली. लोकांना वाटतं ऑटोमॅटिक. अजिबात नाही, आत साधाच एक क्लच आहे, फक्त तो दाबायचं काम तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक पंप करतो. त्यामुळे सायनच्या सिग्नलला ऑटोमॅटिकसारखं इंच इंच पुढे सरकत राहिलात तर प्रत्येक इंचाला क्लच घासतो. कॉम्प्युटर लावला की क्लच किती टक्के संपलाय ते दिसतं, घेण्याआधी तो आकडा बघितल्याशिवाय टोकन देऊ नये, कारण नवीन बसवायचा म्हणजे लाखांतली गोष्ट. मी काय करतो, सिग्नलला दोन्ही पट्ट्या एकदम ओढून न्यूट्रल करतो, पुढच्या गाडीला चांगली लांब जाऊ देतो आणि मग एकदाच सोडतो. तेवढ्या मोकळ्या जागेत दोन रिक्षा आणि एक टेम्पो घुसतो ही गोष्ट वेगळी.

स्पीड ब्रेकरवर तर स्वतंत्र पत्र होईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल स्पीड ब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा, म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरेल. आपल्या गल्ल्यांमध्ये अर्ध्या मीटरात भिंत उभी केलेली असते, काळीपिवळी प्लास्टिकची पट्टी बोल्ट मारून. तिथे मला गाडी पूर्ण तिरकी करून एकेक चाक चढवावं लागतं, दोन्ही बाजूची वाहतूक थांबते, हॉर्न सुरू होतात, आणि कोणीतरी रिक्षावाला उतरून पुढे येतो, वाकून गाडीच्या पोटाखाली बघतो आणि हात हलवत राहतो, आने दो, आने दो, बस्स. या लोकांनी जेवढी मदत केलीये तेवढी कुठल्या शोरूमने केली नाही. माझी आई एकदाच बसली गाडीत, म्हणाली अरे हे जमिनीवर फतकल मारल्यासारखंच आहे की, आता मला उठवणार कोण?

पावसाळ्यात गाडी बाहेर निघत नाही. हिंदमाता, मिलन सबवे ही नावं घेतली तरी पुरे, पाणी बॉनेटच्या आत जायला गुडघाभर पण लागत नाही. जूनच्या आधी टाकी शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलने भरून ठेवतो, साध्या पेट्रोलच्या दीडपट भाव देऊन, कारण पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे, इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि एवढ्या जुन्या रबरी नळ्यांशी मला ते प्रयोग करायचे नाहीत. बॅटरीला चार्जर लावलेला असतो. शिवाय पंधरा वर्षं झाली की आरटीओत परत पासिंग, पर्यावरण कर, पुढची पाच वर्षं मिळतात. आणि गाडी पाँडिचेरी किंवा झारखंडच्या नंबरची स्वस्तात मिळत असेल तर जरा थांबा, बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली की इथला नंबर आणि इथला टॅक्स आलाच, इम्पोर्टेड गाडीचा टॅक्स काय असतो ते आधी विचारा.

मग घेतली कशाला, असं कोणीही विचारेल. रविवारी सकाळी अटल सेतूवरून जातो. लिमिट 100, सहाव्या गियरला 100 वर इंजिन जेमतेम अडीच-पावणेतीन हजारावर असतं, मोठ्या सेडानएवढाच आवाज, डावीकडून टॅक्स्या ओव्हरटेक करून जातात आणि आतली पोरं मोबाईल काढून ओरडतात, भगा ना अंकल. सेतूवर मजा नाहीच. मजा आहे पुढे खोपोलीवरून जुन्या हायवेने घाट चढताना, दुसऱ्या गियरला, 50-60 च्या स्पीडला, वळणावर स्टिअरिंगमधून रस्त्यावरची खडी हाताला कळते, पुढचं चाक नक्की कुठे टेकलंय ते कळतं, आणि वळण सुटताना पाय थोडा दाबला की मागे पाठीशी असलेलं इंजिन जे वर चढत जातं ते पाच हजारानंतर सूरच बदलतं. त्यासाठी 300 चा स्पीड लागत नाही, वस्तीतला रस्ता तर नाहीच नाही. वर चहाला थांबलो की मागच्या काचेतून लाल रंगाचं इंजिन दिसतं, गावातली पोरं काचेला नाक लावून उभी राहतात, त्यांचे डाग मी लगेच पुसत नाही.

एक कबूल केलं पाहिजे, गार इंजिन सुरू होतं तेव्हा माझी गाडी पण ओरडते. पहिला मिनिटभर आरपीएम वर असतो, त्याला इलाज नाही. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंकडे नातू झाला तेव्हा त्या वर येऊन बोलल्या, तेव्हापासून ठरलंय की काकूंचा फोन आल्याशिवाय रविवारी किल्ली फिरवायची नाही. बाळ उठलं की त्या मिस कॉल देतात. कधी साडेसहा, कधी आठ, घाटात ट्रॅफिक लागतं तर लागू दे.

तर माझी मागणी साधी आहे. कॅमेरे ठेवा, पण बोगद्याच्या तोंडाशी शनिवारी-रविवारी रात्री दोन हवालदार आणि एक डेसिबल मीटर पण ठेवा. नियमाप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 रहिवासी भागात मर्यादा 45 डेसिबलची आहे, आणि मोटर वाहन कायद्यात गाडीच्या आवाजासाठी पहिल्याच गुन्ह्याला 10 हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्स सस्पेंड करायची तरतूद आहे, म्हणजे नवीन कायदा करायची गरज नाही. थांबवल्यावर नुसते पेपर बघू नका, मागे वाकून पाईप बघा, नळी काढलेली आहे का ते बघा, रिमोट मागा. कोणत्या गाडीत काय बघायचं हे हवालदारांना दाखवायला कोणी लागत असेल तर मी एका रविवारी गाडी घेऊन चौकीवर यायला तयार आहे, पोलिसांनी खुशाल जॅक लावून खालून बघावी, फक्त चौकीबाहेरचा तो प्लास्टिकचा स्पीड ब्रेकर तेवढ्यापुरता काढून ठेवा.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

ता.क. ॲव्हरेज विचारणाऱ्यांसाठी, शहरात लिटरला चार-साडेचार. हायवेचं विचारू नका, तिथपर्यंत पोचेस्तोवर अर्धी टाकी वांद्र्यातच संपते.